साठीनंतरची बाई आणि तिचा शब्द

साठ वर्षे पूर्ण झाली की सरकारी कागदावर माणूस ज्येष्ठ नागरिक होतो. नोकरदार पुरुषाच्या आयुष्यात या सुमारास ठळक रेघ ओढली जाते. निरोप समारंभ होतो, पेन्शन सुरू होते, सकाळची घाई थांबते. सातारा जिल्ह्यातील मेढ्याच्या परिसरातील बहुतेक बायकांच्या वाट्याला अशी रेघ येत नाही. भाताची लावणी, गुरांचे शेणपाणी, चूल, नातवंडांची आंघोळ आणि दप्तर ही कामे एकसष्टाव्या वर्षीही तशीच चालू राहतात. बदलते ते वेगळेच. पेरायचे काय, विकायचे किती, लग्नात कोणाला काय द्यायचे हे ठरवताना तिला विचारणे हळूहळू बंद होते. काम मागे राहते आणि शब्द जातो. साठीनंतरच्या स्त्रीच्या मनःस्वास्थ्याचा विचार या ठिकाणाहून सुरू करावा लागतो. रिकाम्या वेळेचे काय करावे हा प्रश्न तिला क्वचितच पडतो. आपल्या उरलेल्या आयुष्यावर आपला ताबा किती, आणि आपण अजून कोणाच्या उपयोगी आहोत का, हे तिचे खरे प्रश्न असतात.

हा विषय मूठभर बायकांचा नाही. 2011 च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसे सुमारे 10 कोटी 38 लाख होती आणि त्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा अधिक होती. स्त्रिया सरासरीने जास्त जगतात आणि नवरा बहुधा वयाने मोठा असतो. त्यामुळे आयुष्याचा शेवटचा टप्पा जोडीदाराशिवाय काढण्याची वेळ पुरुषापेक्षा स्त्रीवर कितीतरी अधिक येते. वार्धक्याचा प्रश्न म्हणूनच मोठ्या प्रमाणात बाईचा, त्यातही विधवा बाईचा प्रश्न आहे.

पिढीची घडण

मेढा हे जावळी तालुक्याचे ठाणे वेण्णेच्या काठी, सातारा आणि महाबळेश्वर यांच्या मधल्या खोऱ्यात वसले आहे. डोंगरउताराची थोडकी जमीन, भात आणि नाचणी, भरपूर पाऊस आणि उन्हाळ्यात पाण्याची ओढ, असा हा मुलूख. जमिनीवर घर चालत नाही म्हणून इथले पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईला गेले. कोणी गिरणीत लागला, कोणी बाजारात माथाडी झाला. 1969 च्या माथाडी कायद्याने आणि अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेने त्यांतल्या अनेकांच्या मजुरीला आधार दिला, पण बिऱ्हाड गावीच राहिले. आज साठीत किंवा सत्तरीत असलेली बाई ही या व्यवस्थेची दुसरी बाजू आहे. नवरा मुंबईत दहा-पंधरा जणांच्या सामायिक खोलीत, आणि ती इकडे सासू-सासरे, दीर-नणंदा, लेकरे, गुरे आणि शेत सांभाळत. मनीऑर्डर आली की हिशेब तिचा, आणि नाही आली तर उसनवारही तिची.

या पिढीच्या आठवणीत काही मोठे तडे आहेत. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाने या डोंगरातली गावे उठवली. पुढे कण्हेर धरणात वेण्णाकाठची गावेही गेली. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप त्या वेळी लहान असलेल्या मुलींना अजून आठवतो. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. तो मिटला असे कोणी कधी जाहीर केले नाही. मनीऑर्डर थांबली, पुरुष गावी परतले, आणि जी घरे तोवर बायकांच्या जिवावर चालली होती त्यांत निर्णय घेणारा माणूस पुन्हा बदलला. ज्या बाईने तोवर घर एकटीने ओढले, तिच्या हातून कारभार असा पहिल्यांदा गेला. मुलाचे लग्न झाल्यावर तो दुसऱ्यांदा गेला.

तिच्याजवळ अनुभवाचा साठा मोठा आहे आणि कागद मात्र थोडा. शाळा चौथी-सातवीपर्यंत, लग्न विशीच्या आत, बँकेचे खाते उशिरा, जमिनीच्या उताऱ्यावर नाव क्वचित. शहरातल्या निवृत्त शिक्षिकेला किंवा बँकेतल्या बाईला स्वतःची पेन्शन आणि मैत्रिणींचे वर्तुळ असते. पण तिच्याही घरात निर्णयाची सूत्रे सरकतात आणि नातवंडे सांभाळण्याचे काम न विचारता अंगावर येते. दोघींच्या साधनांत अंतर आहे, अडचणीची जात एकच आहे.

मनःस्वास्थ्य म्हणजे काय

दुखणे नाही म्हणजे स्वास्थ्य आहे, असे मनाच्या बाबतीत म्हणता येत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅरल रिफ यांनी 1989 मध्ये मनःस्वास्थ्याची सहा अंगे मांडली: स्वतःचा स्वीकार, इतरांशी जिव्हाळ्याचे नाते, स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याची मोकळीक, भोवतालचा व्यवहार हाताळता येणे, जगण्याला दिशा असणे आणि वाढ चालू असल्याची जाणीव. मेढ्याकडच्या घरातल्या आजीकडे या यादीतून पाहिले तर नाती तिच्याजवळ भरपूर असतात आणि व्यवहार हाताळण्याचे कसबही असते. कमी पडते ती निर्णयाची मोकळीक. तिच्या पाठोपाठ दिशाही अंधूक होते, कारण ज्या कामात आपला शब्द चालत नाही ते काम ओझे वाटू लागते. नातवंड सांभाळणे एका घरात आनंद असतो आणि दुसऱ्या घरात बिनपगारी चाकरी असते. काम तेच, फरक असतो तो ते कोणी ठरवले यात.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी आयुष्याच्या उत्तरार्धाला दोन कामे नेमून दिली. पुढच्या पिढीसाठी काही घडवणे हे मध्यवयाचे, आणि जगलेल्या आयुष्याकडे पाहून ते आपले म्हणून स्वीकारणे हे वृद्धापकाळाचे. हे दुसरे काम जमले नाही तर हाती निराशा येते. मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी 1963 मध्ये दाखवून दिले की म्हाताऱ्या माणसाने जुन्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगणे हा भ्रमिष्टपणा समजू नये. आयुष्याचा जमाखर्च मांडण्याची ती नैसर्गिक रीत आहे. आजीची तीच ती गोष्ट चौथ्यांदा ऐकणारे नातवंड तिच्या या कामाला हातभारच लावत असते. मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांच्या संशोधनातून आणखी एक बाब पुढे आली. उरलेला काळ थोडा आहे याची जाणीव झाली की माणूस ओळखीपाळखीचा पसारा आवरतो, मोजकी नाती जपतो आणि बरेचदा तरुणांपेक्षा शांत असतो. म्हातारपण म्हणजे उदासी हे समीकरण त्यामुळे खरे नाही. उदासी आली असेल तर तिला कारण असते, आणि कारण असेल तर उपायही शोधता येतो.

दुखणी आणि त्यांचे वेश

या वयातली मनाची दुखणी बहुधा शरीराच्या वेशात येतात. बाई डॉक्टरांना आपण उदास असल्याचे सांगत नाही. अंगात कणकण आहे, छातीत धडधडते, डोके जड आहे, झोप पहाटे तीनला उडते, अन्नावर वासना नाही, असे ती सांगते. गोळ्या घेऊन ती घरी येते आणि मूळ दुखणे तसेच राहते. मन लागत नाही, आवडीच्या गोष्टीतही जीव रमत नाही ही अवस्था दोन आठवडे किंवा त्याहून अधिक टिकली तर ते साधे वाईट वाटणे राहत नाही, तो उपचार मागणारा आजार असू शकतो. भारतात झालेल्या मोठ्या पाहणीत, 2017-18 च्या ‘लासी’ अभ्यासात, नैराश्याची लक्षणे ज्येष्ठ पुरुषांपेक्षा ज्येष्ठ स्त्रियांत अधिक आढळली. ‘देवाने आता न्यावे’ हे वाक्य म्हाताऱ्यांच्या तोंडी नेहमीचे म्हणून सोडून दिले जाते. ते वारंवार येऊ लागले, जोडीला जेवण तुटले किंवा बाई गप्प गप्प राहू लागली, तर ते गंभीरपणे घ्यावे.

उलटेही घडते. थायरॉइड मंदावणे, ब-12 जीवनसत्त्व कमी पडणे, रक्त कमी असणे यांनी मन मरगळते आणि विसरही पडतो. रक्ताच्या साध्या तपासण्यांनी हे कळते. मोतीबिंदू आणि बहिरेपण माणसाला गप्पांतून बाहेर ढकलतात. ऐकू न येणारी बाई चिडकी झाली असे घरचे म्हणतात, आणि तिला मात्र सगळे आपल्याविषयीच कुजबुजतात असे वाटते. याहून अधिक लपवली जाणारी दुखणी म्हणजे लघवी न थांबणे आणि अंग बाहेर येणे. अनेक बाळंतपणे आणि ओझी उचलण्यात गेलेले आयुष्य यांचा तो परिणाम. लाजेपोटी बाई ते सांगत नाही. एसटीत बसायचे टाळते, लग्नकार्याला जात नाही, आणि लोकांना वाटते तिला आता माणसे नकोशी झाली. स्नायूंचे व्यायाम, आत बसवायची रिंग आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया असे यावर उपाय आहेत. अशा एका दुखण्याचा इलाज झाला की कित्येकदा मनाचाही अर्धा इलाज होतो.

मेढ्यात ग्रामीण रुग्णालय आहे आणि मानसोपचारासाठी साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील सर्वसाधारण रुग्णालय आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली ‘परिवर्तन’ ही संस्था साताऱ्यात व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्याचे काम करते. ‘टेलि-मानस’ या सरकारी दूरध्वनी सेवेचा क्रमांक 14416 आहे आणि ज्येष्ठांच्या अडचणींसाठी 14567 ही ‘एल्डरलाइन’ आहे. फोनवर मनातले बोलणे या पिढीला अवघड जाते, म्हणून पहिला फोन सुनेने, मुलीने किंवा आशाताईने लावून दिलेला बरा.

पैसा, उतारा आणि मान

मनःस्वास्थ्याच्या पुस्तकांत सातबाऱ्याचा उल्लेख फारसा नसतो, पण इथल्या बाईच्या मनाचा तोल बऱ्याच अंशी त्या कागदावर असतो. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला नवऱ्याच्या वाट्यात मुलांच्या बरोबरीचा वारसा दिला. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि सबंध देशाने 2005 मध्ये दिला. प्रत्यक्षात नवऱ्याच्या दिवसकार्यानंतर वारसनोंद होते आणि लगोलग हक्कसोडपत्रावर सही किंवा अंगठा घेतला जातो. मुलांवर विश्वास असणे चांगलेच. पण उताऱ्यावर नाव असलेल्या आईला घरात विचारले जाते, आणि नाव काढलेल्या आईला सांगितले जाते. सही करण्याआधी हा फरक तिला कळायला हवा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढून बायकांच्या नावे जमीन करण्याचा आग्रह धरला तो याच जाणिवेतून.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा 2007 चा कायदाही तिच्या बाजूने आहे. त्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे वकिलाशिवाय अर्ज करता येतो आणि मुलांकडून दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडली तर, परतही घेता येते. म्हणून बक्षीसपत्र करायचेच झाले तर ही अट त्यात स्पष्ट लिहून घ्यावी.

सरकारी मदतीची रक्कम लहान असली तरी तिचा मनावर होणारा परिणाम लहान नसतो, कारण ती तिच्या स्वतःच्या खात्यात येते. 2024 मध्ये सुरू झालेली लाडकी बहीण योजना वयाच्या 65 वर्षांपर्यंतच आहे. त्यानंतर अटींत बसणाऱ्या बाईला श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेसाठी तहसील कार्यालयात वेगळा अर्ज करावा लागतो. एक बंद होऊन दुसरी आपोआप सुरू होत नाही, आणि नेमक्या याच सांध्यात अनेक जणी गळतात. एसटीत महिलांना मार्च 2023 पासून अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना ऑगस्ट 2022 पासून प्रवास मोफत आहे. माहेरी, लेकीकडे किंवा देवाला जायला आता कोणाकडे फारसे पैसे मागावे लागत नाहीत. दिसायला ही तिकिटाची सवलत आहे, मनाच्या हिशेबात ती मोकळीक आहे.

मानाचा प्रश्न विधवेच्या बाबतीत अधिक तीव्र होतो. चाळीस-पन्नास वर्षे हळदीकुंकवात पुढे असणारी बाई एका दिवसात कोपऱ्यात जाते. दुःखाच्या काळात माणसांची सर्वांत जास्त गरज असते आणि रूढी तिला त्याच वेळी माणसांतून उठवते. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवण्याचे आवाहन केले. ठरावाने रूढी एका रात्रीत जात नाही, पण ज्या बाईला ती मोडायची आहे तिच्या पाठीशी गाव उभे असल्याचा लेखी पुरावा तयार होतो.

सोबत

मुलगा-सून कितीही प्रेमळ असले तरी समवयस्क मैत्रिणीची जागा ते घेऊ शकत नाहीत. या पिढीच्या बायकांची सोबत कामातून जुळलेली होती: पाणवठ्यावर, लावणीच्या पातीत, जात्यावर. नळ आला, पिठाची गिरणी आली, कष्ट वाचले आणि त्यांच्याबरोबर भेटण्याची ठिकाणेही गेली. जात्यावर बसलेल्या बाईला आपले दुःख ओवीत घालून मोठ्याने म्हणता येत होते. हेमा राईरकर आणि गी पॉत्वँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. मनातले बोलायला बाईला पूर्वी कोणती जागा होती, हे त्या संग्रहावरून समजते. तिला आज पर्यायी जागा हवी आहे.

काही जागा आहेत. महिला भजनी मंडळ, हरिपाठ, बचत गटाची महिन्याची बैठक, एकादशीचा फराळ. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सातारा जिल्ह्यातून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी जाते. त्या वाटेवर चालणारी बाई काही दिवस कोणाची सासू किंवा आजी नसते. सगळ्यांसारखीच तीही माउली असते. मात्र भक्ती ही तिची निवड असेपर्यंतच ती मनाला उभारी देते. ‘आता देवदेव करा’ हा सल्ला पुष्कळदा भक्तीसाठी दिलेला नसतो. कारभारातून बाजूला व्हा, एवढेच त्यात सुचवायचे असते.

उद्देश: काही आयुष्ये

साठीनंतर आयुष्याला दिशा मिळालेल्या स्त्रिया या मातीत नव्या नाहीत. सावित्रीबाई फुले सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. 1890 मध्ये जोतीराव गेले तेव्हा त्या साठीच्या उंबरठ्यावर होत्या. त्यानंतर त्यांनी सत्यशोधक समाजाची धुरा वाहिली, आणि 1897 च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करताना त्याच रोगाने सहासष्टाव्या वर्षी त्यांना मृत्यू आला. लक्ष्मीबाई टिळकांना लग्नानंतर अक्षरओळख झाली. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांचे वय सहासष्ट होते. आयुष्याचा जमाखर्च मांडण्याचे एरिक्सन-बटलर यांनी सांगितलेले काम त्यांनी त्या सिद्धान्तांच्या कितीतरी आधी, विनोद न सोडता केले.

सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या इंदूताई पाटणकर तरुणपणी ब्रिटिशांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या चळवळीत होत्या. पतीच्या हत्येनंतर त्यांनी शिक्षिकेची नोकरी करत घर चालवले. 1980 च्या दशकात, इतर जणी विसावा शोधतात त्या वयात, त्या परित्यक्ता स्त्रियांच्या लढ्यात उतरल्या. स्वतंत्र शिधापत्रिका, पोटगी आणि घर-जमीन या मागण्यांसाठी त्यांनी गावोगावच्या बायका एकत्र केल्या. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील नव्वदीनंतरही शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर बोलत राहिल्या.

ही नावे मोठी आहेत, पण उद्देश मोठाच असावा लागतो असे नाही. ठाणे जिल्ह्यातल्या फांगणे गावात 8 मार्च 2016 ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी लुगडी नेसून साठी ते नव्वदीच्या आज्या तिथे पाटी-पेन्सिल घेऊन बसल्या. त्यांना नोकरी मिळवायची नव्हती. अंगठ्याऐवजी सही करायची होती, पोथी स्वतः वाचायची होती. माण तालुक्यात म्हसवडला 1997 मध्ये उभ्या राहिलेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेचा पहिला अर्ज, प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर असल्यामुळे नाकारला गेला होता. त्या लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि बँक झाली. खुद्द जावळी तालुक्यात बायकांनी मतदानाने दारूची दुकाने बंद पाडली. या मतदानात एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला, म्हणजे दारूबंदीच्या चिन्हाला, पडावी लागतात, म्हणजे घरी बसलेल्या बाईचे मत दुकानाच्या बाजूने मोजल्यासारखेच होते. अशा वेळी काठी टेकत केंद्रावर आलेल्या आजीचे मत गावाला निर्णायक ठरू शकते.

या सगळ्या उदाहरणांत तीन गोष्टी समान आहेत. काम त्या बाईने स्वतः निवडलेले आहे. ते घराच्या उंबऱ्याबाहेर कोणाच्या तरी उपयोगी पडते. आणि ते इतरांच्या सोबतीने चालते. उद्देश शोधताना याच तीन कसोट्या पुरेशा आहेत. बियाणे राखणे, सुईणीचा अनुभव आशाताईला सांगणे, अंगणवाडीत गोष्टी सांगणे, नव्या सुनांना बचत गटाचा हिशेब शिकवणे, लहानपणच्या ओव्या नातीच्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करणे, यांतले काहीही चालते. ज्या बाईला काहीच करावेसे वाटत नाही आणि दुपारी ओसरीवर निवांत बसावेसे वाटते, तिची ती निवडही मानली पाहिजे. आयुष्यभर राबलेल्या बाईसाठी विश्रांती हाही निर्णय असू शकतो, फक्त तो तिने घेतलेला असावा.

कुटुंबाकडून अपेक्षा फार नाहीत. खात्याचे पासबुक तिच्याजवळ असावे. डॉक्टरांकडे तिला बोलू द्यावे, मुलाने तिच्या वतीने उत्तरे देऊ नयेत. नातवंडे सांभाळण्याविषयी आधी विचारावे, आणि आठवड्यातला एखादा दिवस तिचा असावा. ग्रामपंचायतीने ग्रामसभेत ज्येष्ठ महिलांना बोलण्याची वेळ ठेवावी, मंदिराशेजारी किंवा शाळेत त्यांना बसण्याची जागा द्यावी, आणि 65 वर्षे पूर्ण होणाऱ्या बायकांची यादी दरवर्षी काढून त्यांचे निवृत्तीवेतनाचे अर्ज भरून घ्यावेत. औषध, पैसा, सोबत आणि काम या चारही गोष्टी हव्यातच. त्यांतले काय, किती आणि केव्हा हे ठरवताना तिला विचारले गेले, तरच त्या तिच्या मनापर्यंत पोचतात.